बंद दाराआडील शुश्रूषा आणि रुग्णाची साक्ष

इंग्लंडमधील एका बंदिस्त मनोरुग्णालयात परिचारिका म्हणून काम करणारी आमची एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी सुटीवर आली असता आम्हांस भेटावयास आली. बोलण्याच्या ओघात तिने विचारले, "सर, 'ट्रॉमा'ला आपल्याकडे नेमका शब्द कोणता?" आम्ही सहजपणे 'आघात' असे सांगितले. त्यावर ती म्हणाली, "आघात म्हणजे बसलेला मार. मार बसून वीस वर्षे झाली तरी आत जे रुतून राहते, त्याला काय म्हणायचे?" आक्षेप रास्त होता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जखम' असा आहे. पालीत त्याच्या जवळ जाणारा शब्द 'सल्ल', संस्कृतात 'शल्य'. म्हणजे अंगात घुसून तेथेच राहिलेले बाणाचे टोक. मनात सलणाऱ्या दुःखासाठी मराठीने हा शब्द केव्हाच आपलासा केला आहे. तथापि आज रूढ असलेला शब्द 'आघात' हाच असल्याने प्रस्तुत लेखात आम्ही तोच वापरीत आहोत. वाचकांनी त्यात शल्याचा अर्थ गृहीत धरावा.

तिच्या विभागात त्या सुमारास रुग्णांकडून एक प्रश्नावली भरून घेतली जात होती. पूर्वायुष्यातील आघातांचे भान ठेवून आपली शुश्रूषा होते की नाही, हे रुग्णांनीच सांगावे, असा तिचा हेतू. एका रुग्णाने कागद हाती घेण्यापूर्वी एवढेच विचारले की, हा कागद माझ्या फायलीला लागणार काय? ती आम्हांस म्हणाली, "लागणार नाही, असे मी सांगितले. पण त्याने माझ्यावर विश्वास का ठेवावा, हे मला सांगता आले नाही." त्या रुग्णाच्या प्रश्नातूनच हा लेख निघाला आहे. आम्ही मानसोपचाराचे अभ्यासक नाही. परंतु माणसाच्या अनुभवाची साक्ष कशी घ्यावी आणि ती केव्हा ग्राह्य धरावी, हा प्रश्न एकट्या वैद्यकाचा नाही.

कुलूप आणि औषध

प्रथम या संस्थांचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. ज्यांच्या मानसिक आजारामुळे इतरांस गंभीर धोका संभवतो असे ठरविले गेले आहे, अशा रुग्णांसाठी इंग्लंडमध्ये अल्प, मध्यम आणि उच्च अशा तीन पातळ्यांची बंदिस्त रुग्णालये आहेत. उच्च सुरक्षेची रुग्णालये तीनच: १८६३ मध्ये उघडलेले ब्रॉडमूर, १९१२ मधील रॅम्प्टन, आणि १९९० मध्ये दोन जुन्या रुग्णालयांच्या एकत्रीकरणातून झालेले लिव्हरपूलजवळील ॲशवर्थ. येथील रुग्ण पुष्कळदा न्यायालयाच्या किंवा तुरुंगाच्या वाटेने आलेले असतात. १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ३७ व्या कलमान्वये न्यायालय दोषी व्यक्तीस तुरुंगाऐवजी रुग्णालयात पाठवू शकते, आणि ४१ व्या कलमान्वये तिच्यावर आणखी निर्बंध घालू शकते. असे निर्बंध असले म्हणजे रुग्णास बाहेर फिरावयास सोडण्यासही केवळ डॉक्टरांची अनुमती पुरत नाही. न्यायमंत्र्यांची संमती लागते.

तुरुंगातील कैद्यास बहुधा आपली सुटकेची तारीख ठाऊक असते. या रुग्णास ती ठाऊक नसते. तो केव्हा सुटेल हे तो 'बरा' झाला आहे काय, तो अजून धोकादायक आहे काय, यावर ठरते. आणि हे ठरविणारे लोक त्याचे रोजचे बोलणेचालणे नोंदवून ठेवणाऱ्यांच्या अहवालांवर विसंबतात. सकाळी न्याहारीच्या वेळी तो परिचारिकेवर ओरडला, तर ते सायंकाळपर्यंत लिहिले जाते. तेव्हा कागद फायलीला लागणार काय, हा प्रश्न कोणा संशयग्रस्ताच्या आजाराचे लक्षण नव्हे. त्या रुग्णास आपली परिस्थिती बरोबर उमगली होती, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

आता आघाताविषयी. या रुग्णांपैकी पुष्कळांचे बालपण मारहाण, लैंगिक अत्याचार, उपेक्षा, अनाथगृहे यांतून गेलेले असते. त्यांच्यापैकी अनेकांनी इतरांवर भयंकर प्रसंग आणले आहेत, हेही तितकेच खरे. किंबहुना स्वतःच्या हातून घडलेले कृत्य हेच काहींच्या मनात रुतलेले शल्य असते. अन्याय सोसणारा आणि अन्याय करणारा हे एकाच माणसात नांदू शकतात, ही गोष्ट आपल्या मनास सहजी पटत नाही. परंतु ती मान्य केल्याखेरीज या विषयात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

अशा माणसास जेथे ठेवतात तेथील दिनक्रम पाहावा. एक दार बंद झाल्याखेरीज दुसरे उघडत नाही. जेवणानंतर काटे-चमचे मोजून घेतले जातात. अंगझडती होते. रात्री ठरावीक वेळाने दाराच्या काचेतून कोणीतरी डोकावून रुग्ण जिवंत आहे ना, हे पाहते. यांतील प्रत्येक गोष्टीस सबळ कारण आहे, आणि बहुधा ते रुग्णाच्या हिताचेच असते. परंतु जिच्या खोलीचे दार लहानपणी रात्री उघडले की काय घडणार हे तिला ठाऊक असे, तिला त्या काचेवर पडणारा विजेरीचा झोत कसा भासत असेल? तिने आरडाओरडा केल्यास चार जण मिळून तिला जमिनीवर दाबून धरतात. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने ती सुरक्षेची कार्यपद्धती. तिच्या शरीराच्या दृष्टीने मात्र तोच जुना प्रसंग. यालाच पुनराघात म्हणतात.

'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर', म्हणजे आघाताचे भान ठेवून केलेली शुश्रूषा, ही कल्पना येथून निघते. तिची पूर्वपीठिका थोडक्यात सांगावयाची तर, आघातोत्तर मनोविकारास अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० मध्ये स्थान मिळाले. बालपणातील प्रतिकूल अनुभव आणि प्रौढपणीचे आजार यांचा संबंध दाखविणारा फेलिट्टी, अँडा व सहकाऱ्यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि २००१ मध्ये मॅक्सीन हॅरिस व रॉजर फॅलट यांनी केवळ एका उपचारपद्धतीचाच नव्हे, तर संपूर्ण संस्थेच्या रचनेचा विचार या दृष्टीने मांडला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या 'सॅम्सा' या शासकीय यंत्रणेने जी सहा तत्त्वे सांगितली, ती आज सर्वत्र आधारभूत मानली जातात: सुरक्षितता, विश्वासार्हता व पारदर्शकता, समदुःखी लोकांचा आधार, सहकार्य व परस्परता, सामर्थ्य, निवड व स्वतःचा आवाज, आणि सांस्कृतिक, ऐतिहासिक व लिंगविषयक प्रश्नांची जाण. सहावे तत्त्व पुष्कळदा शेवटी येते म्हणून घाईने उरकले जाते. त्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

येथे एका मोहापासून वाचकांस आणि स्वतःसही सावध करावेसे वाटते. वेदनासंयुत्तातील सल्लसुत्त आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. अज्ञ माणसास शारीरिक दुःखाचा एक बाण लागतो आणि त्यावर शोक करून तो मानसिक दुःखाचा दुसरा बाण लावून घेतो, अशी ती उपमा. मनोरुग्णालयातील आघातासंबंधी बोलताना ही उपमा चटकन ओठांवर येते. परंतु ती येथे जशीच्या तशी लावणे चूक होईल. सुत्तातील दुसरा बाण अज्ञ माणसाच्या स्वतःच्या प्रतिक्रियेतून येतो. आपण ज्या पुनराघाताविषयी बोलत आहोत, तो दुसरा बाण संस्था मारते. दोहोंची गल्लत केली की जखमी माणसालाच दोष देऊन आपण मोकळे होतो, आणि ते धर्माच्या नावाने होते हे अधिक वाईट.

मोजणे कोणाचे?

एखाद्या रुग्णालयाने 'आमच्याकडे आघाताचे भान ठेवले जाते' असे जाहीर केले, तर ते खरे की खोटे हे कशावरून ओळखावे? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कर्मचाऱ्यांस विचारणे. तसे साधन उपलब्ध आहे. कर्मचाऱ्यांची या बाबतीतील मनोवृत्ती मोजणारी 'आर्टिक' नावाची मापनश्रेणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा बराच वापर होतो. दुसरा मार्ग म्हणजे संस्थेची धोरणे व प्रशिक्षण तपासणे. तिसरा, घटनांची मोजदाद करणे: वर्षात किती वेळा बळ वापरले, किती वेळा एकांतकक्षात कोंडले. इंग्लंडमध्ये २०१८ च्या बळवापरविषयक कायद्याने अशा नोंदी ठेवणे बंधनकारक केले, आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात रुग्णाच्या मनावर व शरीरावर होणाऱ्या आघाताच्या परिणामांचा अंतर्भाव केला. २०१० मध्ये लंडनच्या एका मनोरुग्णालयात पोलिसांनी दाबून धरल्यानंतर मृत्यू पावलेल्या ओलासेनी लुईस या कृष्णवर्णीय तरुणाच्या नावावरून हा कायदा 'सेनीज लॉ' म्हणून ओळखला जातो.

या तिन्ही मार्गांनी काही ना काही कळते. परंतु परिचारिकेची मनोवृत्ती कितीही उदार असली तरी तिच्या हातातील किल्ल्यांचा जुडगा रुग्णास कसा ऐकू येतो, हे त्यातून कळत नाही. घटनांच्या आकड्यांचेही तसेच आहे. ज्या विभागात बळाचा वापर शून्यावर आला, तेथे शांती नांदते असेही असेल, किंवा तेथील रुग्णांनी मागणे, भांडणे, विरोध करणे सोडून दिले असेल. दोन्ही ठिकाणी आकडा एकच येतो.

रुग्णास थेट विचारण्याची साधनेही आहेत. जर्मनीतील न्यायवैद्यक मनोरुग्णालयांत शालास्ट व सहकाऱ्यांनी विकसित केलेली, २००८ मध्ये इंग्रजीत मांडली गेलेली 'एसेन' श्रेणी ही बंदिस्त विभागाचे वातावरण मोजते. सतरा विधाने, त्यांपैकी पंधरांस गुण दिले जातात, आणि त्यांतून तीन गोष्टी पाहिल्या जातात: रुग्णांचा परस्परांस आधार, सुरक्षितपणाची भावना, आणि कर्मचाऱ्यांकडून मिळणारा उपचारात्मक आधार. तीच प्रश्नावली रुग्ण आणि कर्मचारी दोघेही भरतात, हे तिचे वैशिष्ट्य. एकाच छताखालील या दोन गटांची उत्तरे अनेकदा जुळत नाहीत. परंतु वातावरण चांगले असणे आणि आघाताचे भान असणे या दोन गोष्टी एकच नाहीत. गोड बोलणारा कर्मचारीवर्गही अंगझडतीपूर्वी काहीच न सांगता हात लावू शकतो. उलटपक्षी अमेरिकेत कौटुंबिक हिंसाचारातून सुटलेल्या व्यक्तींच्या दृष्टीने सेवा कशी आहे, हे मोजणारी श्रेणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ती नेमकी आघातसजगतेविषयी आहे, परंतु तेथील स्त्रिया आश्रयगृह सोडून जाऊ शकतात. ब्रॉडमूरचा रुग्ण जाऊ शकत नाही. म्हणून बंदिस्त ठिकाणासाठी प्रश्न नव्यानेच घडवावे लागतात.

ते कसे घडतात? प्रथम रुग्णांशी दीर्घ मुलाखती करून, त्यांना काय बोचते आणि काय दिलासा देते, हे त्यांच्याच शब्दांत गोळा करतात. त्यातून विधानांचा मोठा संच तयार होतो. मग काही रुग्णांसमवेत बसून एकेक विधान वाचावयाचे आणि 'यातून तुम्हांस काय समजले?' असे विचारावयाचे. ही पायरी आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. उदाहरणार्थ, 'मला येथे सुरक्षित वाटते' हे विधान घ्या. एक रुग्ण त्याचा अर्थ, दुसरा रुग्ण मला मारणार नाही, असा करील. दुसरा, मी स्वतःला इजा करू शकणार नाही, असा. आणि तिसऱ्याच्या मनात येईल की, हे लोक मला दाबून धरणार नाहीत. तिघांनीही 'होय' म्हटले तरी ती तीन उत्तरे आहेत. म्हणून विधान जितके प्रत्यक्ष कृतीजवळ नेता येईल तितके न्यावे. 'झडती घेण्यापूर्वी ती का व कशी घेणार हे मला सांगितले गेले', 'रात्रीच्या पाहणीची पद्धत माझ्याशी बोलून ठरविली', 'मला दाबून धरल्यानंतर कोणीतरी माझ्याजवळ बसून त्याविषयी बोलले'. ही विधाने आम्ही नमुन्यादाखल रचली आहेत, परंतु मुद्दा ध्यानात यावा. आणि यांपैकी एकाही विधानात 'लहानपणी तुमच्यावर काय गुदरले?' असे विचारलेले नाही, हेही पाहावे. आपली जखम उघडी न करता, जखमेशी कसे वागले गेले एवढेच सांगण्याची मुभा रुग्णास असली पाहिजे.

त्यानंतर प्रश्नावली मोठ्या गटाकडून भरून घेतात आणि संख्याशास्त्राची कसोटी लावतात. कोणती विधाने एकत्र जातात हे घटक विश्लेषणाने पाहतात. उत्तरांतील अंतर्गत सुसंगती क्रोनबाख यांनी १९५१ मध्ये सुचविलेल्या गुणांकाने मोजतात. काही दिवसांनी पुन्हा विचारून उत्तरे टिकतात काय, हे पाहतात. येथे विद्वानांचीही फसगत होऊ शकते. समजा, एका विभागातील सर्व रुग्णांनी भीतीपोटी सर्व रकान्यांत 'पूर्ण सहमत' अशी खूण केली. सर्वांची उत्तरे अशी एकसारखी आली तर मोजण्याजोगा फरकच उरत नाही. परंतु काहींनी अधिक भ्यावे, काहींनी कमी, असे झाले की विधाने एकमेकांशी उत्तम जुळतात, गुणांक देखणा येतो, आणि पंधरा दिवसांनी भीती कायम असल्याने उत्तरेही कायम राहतात. तात्पर्य, विश्वसनीयतेचा आकडा उत्तम आणि मोजले काय, तर भीती! हा दोष गणिताने सुटत नाही. तो विचारण्याच्या रीतीतच सोडवावा लागतो.

पाच पर्यायांतील मधल्या रकान्याविषयीही एक शब्द. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत मात्र सुखा, दुक्खा आणि अदुक्खमसुखा अशा तीन वेदना सांगितल्या आहेत. 'सहमत नाही व असहमतही नाही' हा रकाना वरवर या तिसऱ्या वेदनेसारखा दिसतो. पण बंदिस्त विभागात त्या खुणेचा अर्थ 'मला काही वाटत नाही' असा असेल, 'मला कळले नाही' असा असेल, किंवा 'जे वाटते ते मी तुम्हांस सांगणार नाही' असाही असेल. या तिन्हींना तीन गुण देऊन सरासरी काढणे ही गणिताची सोय झाली.

१९९३ चे एक पत्र

रुग्णाची साक्ष न घेतल्यास काय होते, याचा इंग्लंडमधील इतिहास कटू आहे. ॲशवर्थमधील छळाच्या तक्रारी १९९१ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे चव्हाट्यावर आल्या. तोवर रुग्णाची तक्रार म्हणजे आजाराचे लक्षण, असे मानण्याकडे कल होता. लुई ब्लॉम-कूपर यांच्या समितीने १९९२ मध्ये तेथील दडपशाहीच्या वातावरणावर कठोर अहवाल दिला. त्यानंतर तेथे मोकळीक आली. आणि १९९९ मध्ये न्यायाधीश पीटर फॅलन यांच्या चौकशीने त्याच रुग्णालयाच्या व्यक्तिमत्त्वविकार विभागात सुरक्षा इतकी ढासळली असल्याचे दाखविले की, रुग्णालयच बंद करावे, अशी शिफारस केली. शासनाने ती मानली नाही. सात वर्षांत लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकास गेला. आघातसजगता म्हणजे ढिलाई, असे समजणाऱ्यांनी आणि कडेकोटपणा म्हणजे सुरक्षितता, असे समजणाऱ्यांनी हे दोन्ही अहवाल एकापुढे एक ठेवून वाचावेत.

ब्रॉडमूरमध्ये १९८४, १९८८ आणि १९९१ अशा तीन वर्षी तीन कृष्णवर्णीय रुग्ण एकांतकक्षात, शामक औषध टोचल्यानंतर मरण पावले. शेवटचे ऑर्व्हिल ब्लॅकवूड. हर्शेल प्रिन्स यांच्या समितीच्या १९९३ च्या अहवालाच्या शीर्षकातच 'धिप्पाड, काळा आणि धोकादायक?' असा प्रश्न होता. माणूस दिसताच त्याच्याविषयी आधीच ठरलेले असणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस समजावून सांगावे लागणार नाही.

त्याच १९९३ साली नॉर्विच येथील नॉर्विक क्लिनिक या मध्यम सुरक्षेच्या रुग्णालयातील डेव्हिड बेनेट नावाच्या रुग्णाने तेथील परिचर्या-प्रमुखांस पत्र लिहिले. येथे सहापेक्षा अधिक कृष्णवर्णीय रुग्ण आहेत, पण कर्मचाऱ्यांत एकही कृष्णवर्णीय नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले होते. पत्राचा सूर सौम्य होता. पाच वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९९८ च्या रात्री, एका श्वेतवर्णीय रुग्णाशी त्यांचा वाद झाला. त्यात त्यांच्या वर्णावरून त्यांना शिवीगाळ झाली. भांडण दोघांचे होते. दुसऱ्या विभागात हलविले गेले ते बेनेट यांना. तेथे त्यांनी परिचारिकेवर हात उगारला, आणि कर्मचाऱ्यांनी त्यांना जमिनीवर पालथे पाडून सुमारे पंचवीस मिनिटे दाबून धरले. त्यातच ते गेले. वय ३८ वर्षे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने मानसिक आरोग्य सेवेतील संस्थात्मक वंशभेद स्पष्ट शब्दांत मांडला. आजही इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीयांस या कायद्याखाली सक्तीने दाखल करण्याचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या तिपटीहून अधिक आहे.

आमच्या मते बेनेट यांचे ते पत्र म्हणजे रुग्णानुभवाचे मोजमापच होते. कोणी मागितले नव्हते. रुग्णाने स्वतः गणती केली, तुलना केली आणि योग्य अधिकाऱ्याकडे पाठविली. श्रेणीतील सहाव्या तत्त्वाचे विधान कसे असावे, याचा तो वस्तुपाठ आहे. 'माझ्या संस्कृतीचा येथे आदर होतो' असे गुळगुळीत वाक्य छापून हे काम होत नाही. 'माझ्या वर्णावरून मला कोणी बोलले तेव्हा कर्मचाऱ्यांनी काय केले?' असे विचारावे लागते. आणि कृष्णवर्णीयांची उत्तरे सर्वांच्या सरासरीत बुडवून चालत नाही; ती वेगळी काढून पाहावी लागतात.

परंतु वेगळी काढली की दुसरी अडचण उभी राहते. विभागात रुग्ण दहा-पंधरा. त्यांत कृष्णवर्णीय दोन. नाव न लिहिताही उत्तर कोणाचे, हे सर्वांस कळते. इंग्लंडमध्ये स्त्रियांसाठी उच्च सुरक्षेची सोय रॅम्प्टन येथेच आहे, आणि तेथील स्त्रियांची संख्या थोडी आहे. त्यांना निनावी राहणे जवळजवळ अशक्यच. यावर काही उपाय केले जातात. प्रश्नावली विभागातील कर्मचाऱ्यांनी न देता बाहेरच्या व्यक्तीने, शक्य तर पूर्वी अशाच रुग्णालयात राहिलेल्या व्यक्तीने द्यावी. भरलेला कागद बंद पेटीत जावा. अनेक विभागांची उत्तरे एकत्र केल्यावरच लहान गटाचे निष्कर्ष सांगावेत. सर्वांत आधी, कागद कोण वाचणार, कोण वाचणार नाही, आणि कोणत्या परिस्थितीत गुप्तता पाळता येणार नाही, हे खरे तेच सांगावे. कोणाच्या जिवास धोका असल्याचे लिहिले तर ते कळवावेच लागेल. ते लपवून घेतलेली साक्ष पुढच्या वेळी मिळत नाही.

महावग्गाच्या चीवरक्खन्धकात अतिसाराने पीडित, स्वतःच्या मलमूत्रात पडून राहिलेल्या भिक्खूचा प्रसंग आहे. तथागतांनी त्याला व आनंदांनी स्वतः धुतले, हे आपण नेहमी सांगतो. त्यांनी विचारपूस कोणत्या क्रमाने केली, याकडे सहसा लक्ष जात नाही. आधी रुग्णालाच विचारले: तुला काय होते, तुला कोणी शुश्रूषक आहे काय, नसल्यास का नाही? त्याला धुऊन मंचावर निजविल्यानंतर मग भिक्खूंना बोलावून तेच प्रश्न त्यांना विचारले. दोन्हीकडून एकच उत्तर आले: हा इतरांच्या काही कामाचा नाही, म्हणून त्याला कोणी पाहत नाही. रुग्णाची साक्ष प्रथम, व्यवस्थेची नंतर, आणि दोहोंच्या मध्ये प्रत्यक्ष शुश्रूषा. त्याच प्रकरणात पुढे, ज्याची शुश्रूषा करणे कठीण जाते अशा रुग्णाची लक्षणे सांगितली आहेत. हितचिंतक शुश्रूषकासही आपला आजार जसा आहे तसा न सांगणे, हे त्यांतील एक. 'हितचिंतक' या अटीवर आम्ही बोट ठेवू इच्छितो. समोरचा हितचिंतक आहे असे रुग्णास अजून वाटतच नसेल, तर त्याच्या मौनास दोष म्हणता येणार नाही.

आपल्याकडे ही प्रश्नावली भाषांतर करून वापरता येईल काय, असे आमच्या विद्यार्थिनीने विचारले होते. भारतात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याने रुग्णास साखळीने बांधणे आणि एकांतात कोंडणे या गोष्टींस मनाई केली. तमिळनाडूतील एरवाडी येथे २००१ मध्ये बेड्यांत जखडलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, ती आठवण या मनाईमागे आहे. परंतु ठाणे, येरवडा, नागपूर वा रत्नागिरी येथील मनोरुग्णालयाची रचना इंग्लंडच्या बंदिस्त रुग्णालयासारखी नाही, आणि येथील रुग्णाचे शल्यही वेगळे असू शकते. येथील प्रश्नावलीत 'आडनाव ऐकल्यावर तुमच्याशी वागण्यात फरक पडला काय?' असे विचारण्याचे धैर्य नसेल, तर सहावे तत्त्व भाषांतरातच गळून पडेल. ते प्रश्न येथल्या रुग्णांसमवेत बसूनच रचावे लागतील. भाषांतरकाराचे ते काम नव्हे, आणि हे आम्ही भाषांतराचा व्यवसाय करूनच म्हणत आहोत.

भरलेल्या कागदांचे पुढे काय होते, यावर पुढच्या फेरीतील उत्तरांचा खरेपणा अवलंबून असतो. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत भिंतीवर एक फलक असतो: एका बाजूस 'तुम्ही म्हणालात', दुसऱ्या बाजूस 'आम्ही केले'. त्यावर चहाची वेळ बदलल्याचे लिहिलेले असते तेव्हा हसू येते. पण चहाची वेळ मागणाऱ्याला ती मिळाली, हे खोलीत परतणाऱ्या प्रत्येक रुग्णाने वाचलेले असते. जे करता आले नाही तेही तेथे कारणांसह लिहावे, असे आम्हांस वाटते. शेवटी आम्ही आमच्या विद्यार्थिनीस पत्रातून एवढेच सुचविले की, निष्कर्षांच्या तक्त्यात प्रत्येक विधानासमोर किती रुग्णांनी खूण केली नाही, तोही आकडा छापावा. ज्या रुग्णाने फायलीविषयी विचारले होते, त्याने मागाहून कागद घेतला, आणि अंगझडतीविषयीच्या दोन ओळी कोऱ्या सोडून बाकी सर्व भरून दिला, असे तिने कळविले आहे.